विश्लेषण : रायसीना टेकडीवरचे घर नेमके कोणाचे? राष्ट्रपती भवनाची वास्तू, कला आणि खान्देशशी नाते

दीपनगरहून वरणगावमार्गे बोदवडकडे निघाले की तासाभराच्या आत नाडगाव येते. या गावात १९ डिसेंबर १९३४ रोजी जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या आणि पुढची पाच वर्षे त्यांचा मुक्काम नवी दिल्लीतील राष्ट्रपती भवनात होता. दूरचित्रवाणीवर शपथविधी किंवा पद्म पुरस्कारांच्या निमित्ताने दिसणारा हा वाडा खान्देशातील घराघरांत ओळखीचा झाला तो तेव्हापासून. पण तो कोणी बांधला, कोणाच्या जमिनीवर उभा राहिला, त्याच्या भिंतींवर आणि छतांवर काय आहे आणि गेल्या पंचाहत्तर वर्षांत त्यात काय बदलले, याची माहिती फारशी नसते. नॉर्थ आणि साउथ ब्लॉक या शेजारच्या इमारतींमध्ये राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची योजना असल्याने हा प्रश्न आता पुन्हा महत्त्वाचा ठरतो.

हे घर बांधण्याचे का ठरले?

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत भरलेल्या दरबारात ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. नव्या शहराची कोनशिला तीन दिवसांनी, १५ डिसेंबरला, जुन्या दिल्लीच्या उत्तरेला बसवण्यात आली. मात्र तो भाग पुराच्या टप्प्यात येणारा निघाला. त्यामुळे दक्षिणेकडील रायसीना टेकडीची निवड झाली.

राजधानीच्या मध्यभागी व्हाइसरॉयचे घर असावे आणि ते सर्वांत उंचावर दिसावे, हा आराखड्याचा मूळ विचार होता. एडविन लुटियन्स या वास्तुरचनाकाराकडे हे घर सोपवण्यात आले. शेजारच्या सचिवालयाच्या दोन इमारती, म्हणजे आजचे नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक, हर्बर्ट बेकर यांनी रचल्या. घर चार वर्षांत उभे करायचे होते. पहिले महायुद्ध मध्ये आल्याने आणि खर्चाच्या ओढाताणीमुळे सतरा वर्षे लागली. लॉर्ड आयर्विन हे येथे राहणारे पहिले व्हाइसरॉय. नवी दिल्लीचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये झाले. त्यानंतर अवघ्या साडेसोळा वर्षांत ब्रिटिशांची सत्ता संपली. ज्यांच्यासाठी घर बांधले, त्यांना ते बांधायला जितका काळ लागला तितकाही काळ त्यात राहता आले नाही.

ही जमीन कोणाची होती?

खान्देशच्या वाचकाला हा भाग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. रायसीना आणि मालचा ही तेथे नांदती गावे होती. १९११ ते १९१६ या काळात सुमारे ४ हजार एकर जमीन ताब्यात घेण्यात आली आणि जवळपास ३०० कुटुंबांना उठवण्यात आले. त्यासाठी वापरलेला कायदा होता १८९४ चा भूसंपादन कायदा.

याच कायद्याने पुढे स्वतंत्र भारतातही धरणे, कारखाने, महामार्ग आणि वीज केंद्रांसाठी जमिनी घेतल्या. हतनूर धरण असो की दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द तापीकाठच्या गावांना नवा नाही. तो कायदा रद्द होऊन नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. म्हणजे व्हाइसरॉयच्या घरासाठी वापरलेले हत्यार एका शतकाहून अधिक काळ कामात होते. राष्ट्रपती भवनाचा इतिहास सांगताना घुमटाची उंची आणि खोल्यांची संख्या सांगितली जाते. उठलेल्या गावांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ‘रायसीना’ हे नाव तेवढे टेकडीला चिकटून राहिले.

वास्तू किती मोठी आहे?

इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारातील या चार मजली घरात ३४० खोल्या आहेत. एकूण बांधकाम सुमारे २ लाख चौरस फूट आहे, तर आवार ३३० एकरांचे. बांधकामात ७० कोटी विटा आणि ३० लाख घनफूट दगड लागला. लोखंडाचा वापर अगदी कमी ठेवण्यात आला. खर्च सुमारे १ कोटी ४० लाख रुपये झाला.

लाल आणि पिवळसर पांढरा वालुकाश्म राजस्थानातील धौलपूर परिसरातून आला. मुख्य इमारतीचा बराचसा भाग हारून-अल-रशीद या कंत्राटदाराने उभारला. समोरच्या प्रांगणाचे काम सुजानसिंग आणि त्यांचे पुत्र शोभासिंग यांच्याकडे होते. प्रत्यक्ष दगड घडवणाऱ्या हजारो पाथरवटांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत. जाळ्या, हत्ती, कमळे आणि पन्हाळी यांत आज जे कौतुकाने पाहिले जाते, ते त्यांच्या हातचे काम आहे.

वास्तू इंग्रजी की भारतीय?

दोन्ही, आणि हे मिश्रण वाद घालूनच ठरले. लुटियन्स यांना भारतीय वास्तुकलेविषयी फारसा आदर नव्हता. युरोपातील अभिजात शैलीच त्यांना श्रेष्ठ वाटे. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांचा आग्रह मात्र असा की, भारतात बांधायच्या इमारतीत भारत दिसला पाहिजे. त्यामागे प्रेमापेक्षा राजकारण अधिक होते. बंगालची फाळणी नुकतीच रद्द करावी लागली होती. नव्या राजधानीने लोकांच्या मनात परकेपणा वाढवू नये, असा हिशेब होता.

परिणामी लुटियन्स यांनी स्तंभांच्या रांगा आणि काटेकोर सममिती युरोपीय ठेवली, पण ऊन आणि पावसासाठी खोल छज्जे घेतले, गच्चीवर छत्र्या बसवल्या, खिडक्यांना दगडी जाळ्या दिल्या. मधला घुमट पाहून सांचीच्या स्तूपाची आठवण होते. घुमटाखालचा दगडी कठडा तर सरळ सांचीच्या वेदिकेवरूनच घेतलेला आहे. लुटियन्स स्वतः मात्र या घुमटाचे नाते रोममधील पँथिऑनशी सांगत.

स्तंभांची गोष्ट अधिक रंजक आहे. त्यांच्या शिरोभागी चारही कोपऱ्यांत दगडी घंटा आहेत. घंटा वाजल्या की राजवट बुडते, अशी जुनी समजूत होती असे सांगतात. दगडाच्या घंटा वाजणारच नाहीत, म्हणून राज्यही बुडणार नाही, असा त्यामागचा तर्क सांगितला जातो. घंटा आजही मुक्याच आहेत. राज्य मात्र गेले.

मुख्य दारासमोरचा जयपूर स्तंभ १४५ फूट उंच असून तो जयपूरचे महाराजा माधोसिंग यांनी दिलेला आहे. त्याच्या टोकावर कांस्याचे कमळ आणि त्यावर काचेचा सहा टोकांचा तारा आहे.

लुटियन्स आणि बेकर यांच्यात वाद कशावरून झाला?

उतारावरून. राजपथावरून, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावरून, येणाऱ्याला व्हाइसरॉयचे घर सतत समोर दिसावे, असे लुटियन्स यांच्या मनात होते. पण बेकर यांच्या सचिवालयाच्या दोन इमारतीही टेकडीवरच आल्या आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या रस्त्याचा चढ असा ठेवला गेला की, जवळ येताना घर काही अंतरापुरते नजरेआड होते आणि घुमटाचे टोक तेवढे दिसते. चूक लक्षात आली तेव्हा काम पुढे गेले होते. चढ बदलण्याची लुटियन्स यांची मागणी खर्चाचे कारण देऊन फेटाळली गेली. दोघा जुन्या मित्रांत त्यावरून कायमचा दुरावा आला. सत्तेचे घर कायम डोळ्यांसमोर राहावे, हा हेतू त्या घराच्याच रस्त्याने अर्धवट ठेवला.

आत कोणती कला पाहायला मिळते?

घुमटाच्या बरोबर खाली पूर्वीचा दरबार हॉल आहे. जैसलमेरच्या पिवळ्या संगमरवराचे स्तंभ आणि ३३ मीटर उंचीवरून लोंबणारे दोन टनांचे झुंबर ही त्याची ओळख. येथे पूर्वी व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नीसाठी दोन सिंहासने होती. आज राष्ट्रपतींसाठी एकच खुर्ची असते आणि तिच्या मागे गुप्तकालीन, पाचव्या शतकातील बुद्धमूर्ती उभी आहे. सिंहासनाच्या जागी बुद्ध येणे, हा या घरातील सर्वांत बोलका बदल म्हणता येईल.

दुसरे महत्त्वाचे दालन पूर्वीचा अशोक हॉल. मुळात ही नृत्यशाळा. म्हणून जमिनीला लाकूड आहे. छताच्या मध्यभागी चामड्यावर रंगवलेले एक मोठे चित्र आहे. त्यात इराणचा शाह फतेह अली आपल्या २२ मुलांसह शिकारीला निघाला आहे. हे चित्र शाहने इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज यांना भेट दिले होते. आयर्विन यांच्या काळात ते लंडनहून येथे आणले गेले. पुढे लेडी विलिंग्डन यांनी इटालियन चित्रकार तोमासो कोलोनेलो यांना बोलावून उरलेले छतही त्याच इराणी थाटात रंगवून घेतले. त्यांच्या हाताखाली भारतीय चित्रकारांचे पथक होते. परदेशी राजदूत आज याच छताखाली आपली अधिकारपत्रे राष्ट्रपतींना सादर करतात.

दर्शनी ओवरीत बिहारमधील रामपूर्वा येथे सापडलेला अशोककालीन वृषभ आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील हे शिल्प या घरातील सर्वांत जुनी कलाकृतींपैकी एक. मागील बाजूस १५ एकरांची बाग आहे. मुघल चारबागेतील पाण्याचे कालवे आणि इंग्रजी फुलांचे ताटवे यांचा त्यात मेळ घातला आहे. चार कालवे जेथे एकमेकांना छेदतात, तेथे कमळाच्या आकाराची सहा कारंजी आहेत.

यात मराठी हात कोठे आहे?

तो घराच्या दारात, म्हणजे शेजारच्या सचिवालयात आहे, आणि त्याची वाट जळगावजवळून जाते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनला पाठवलेल्या यातील अनेक प्रतिकृती १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या, पण या कामाने मुंबईच्या चित्रकारांच्या एका पिढीला भिंत रंगवण्याचा धडा दिला.

१९२० च्या दशकात नव्या राजधानीच्या इमारती सजवायच्या ठरल्या, तेव्हा जे. जे.चे तत्कालीन प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी आपल्या कलाशाळेतील चित्रकारांसाठी हे काम मिळवले. सचिवालयातील दालनांत या ‘मुंबई शैली’ची भित्तिचित्रे आली. त्यात जी. एच. नगरकर यांच्यासारखे चित्रकार होते. ज्येष्ठ चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांनीही सचिवालयासाठी चित्रे केली. पुण्यात जन्मलेले सॅम्युएल फैझी-रहमीन यांनी तेथील घुमटांखालचे भाग रंगवले. या चित्रांत ब्रिटिश राजवटीचा जयजयकार नाही. भारतीय कथा, ऋतू, कला आणि न्यायपरंपरा आहेत. मंत्रालयांची कार्यालये असल्याने ही चित्रे सामान्य माणसाला आजवर जवळपास दिसलीच नाहीत.

स्वातंत्र्यानंतर घरात काय बदलले?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी याच दरबार हॉलमध्ये झाला. ‘व्हाइसरॉय हाउस’चे ‘गव्हर्न्मेंट हाउस’ झाले. जून १९४८ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल झाले. व्हाइसरॉयचे शयनगृह त्यांना आपल्यासाठी फारच ऐसपैस वाटले आणि ते पाहुण्यांसाठीच्या भागातील लहान खोल्यांत राहायला गेले. पुढच्या राष्ट्रपतींनी तोच पायंडा पाळला. म्हणजे ज्या दालनांत व्हाइसरॉय राहत, तेथे आता परदेशी राष्ट्रप्रमुख पाहुणे म्हणून उतरतात. अन्नटंचाईच्या काळात राजाजींनी आवारातील जमिनीत गहू पेरला होता.

१९४९ मध्ये आणखी एक घटना घडली. लंडनच्या प्रदर्शनासाठी देशभरातून जमवलेली शिल्पे आणि चित्रे परत आल्यावर ती याच घरात मांडण्यात आली. त्यांना पुन्हा विखुरण्यापेक्षा एकत्र ठेवावे, असा विचार पुढे आला आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी येथेच राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. १९६० मध्ये ते स्वतःच्या इमारतीत गेले.

२६ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि हे ‘राष्ट्रपती भवन’ झाले. त्यांच्याच काळात बाग लोकांसाठी उघडली. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी औषधी वनस्पतींची बाग तयार करून घेतली.

प्रतिभाताईंच्या कार्यकाळात काय झाले?

जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावमधून आमदार झाल्या. नंतर सलग चार वेळा त्या एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, निवडून आल्या. त्यामुळे राष्ट्रपती भवनात गेल्यावर त्यांचे लक्ष झुंबरांपेक्षा आवाराकडे गेले, यात नवल नाही. राष्ट्रपती भवनाच्या आवारात हजारो कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे राहतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘रोशनी’ उपक्रमातून या वसाहतीत कचरा वेगळा करणे, पाणी आणि विजेची बचत, सौरऊर्जा यांवर काम झाले. पर्यावरण व्यवस्थापनासाठीचे आयएसओ १४००१ प्रमाणपत्र आवाराला मिळाले. वीज केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या दीपनगरच्या वाचकाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको; मोठ्या वास्तूभोवतीची वस्ती नीट चालवणे हे वास्तू सांभाळण्याइतकेच किचकट असते.

वास्तूच्या जतनाचे दुसरे मोठे कामही याच काळात, २०१० मध्ये हाती घेण्यात आले. त्यात मुंबईचे ज्येष्ठ वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि सुनीता कोहली यांचा सहभाग होता. पहिले काम १९८५ ते १९८९ दरम्यान झाले होते. तेव्हा अशोक हॉलमधील नंतरची भर काढून त्याला मूळ रूप देण्यात आले.

भेटवस्तूंचा वाद काय होता?

राष्ट्रपतींना देशविदेशातून मिळणाऱ्या भेटी व्यक्तीच्या नसतात, पदाच्या असतात. त्या राष्ट्रपती भवनाच्या तोशाखान्यात जमा होतात. प्रतिभाताईंचा कार्यकाळ संपताना अशा काही वस्तू अमरावतीतील एका शिक्षणसंस्थेला प्रदर्शनासाठी उसन्या देण्यात आल्या होत्या. माहितीच्या अधिकारातून ही बाब पुढे आल्यावर चर्चा झाली आणि वस्तू परत मागवण्यात आल्या.

या वादाला दोन बाजू होत्या. सार्वजनिक ठेवा राष्ट्रपती भवनाच्या नोंदीतच राहिला पाहिजे, ही एक. तोशाखान्यात बंद राहणाऱ्या वस्तू विदर्भ-खान्देशातील मुलांना पाहायला मिळाल्या तर बिघडले कोठे, ही दुसरी. नियमाच्या दृष्टीने पहिली बाजू भक्कम होती. पण दुसरीतला प्रश्न खोटा नव्हता. त्याचे काही अंशी उत्तर प्रणव मुखर्जी यांच्या काळात मिळाले. २५ जुलै २०१४ रोजी राष्ट्रपती भवनाच्या जुन्या तबेल्यात संग्रहालय सुरू झाले आणि भेटवस्तू लोकांसमोर आल्या. २०१६ मध्ये त्याचा विस्तार झाला. मात्र ते पाहायला दिल्लीलाच जावे लागते, हे आजही खरे आहे.

नावे का बदलली जात आहेत?

दगड बदलता येत नाही, तेव्हा नाव बदलले जाते. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुखर्जी यांनी देशांतर्गत कार्यक्रमांत ‘महामहिम’ हे संबोधन थांबवले. २०२२ मध्ये राजपथाचा कर्तव्यपथ झाला. २८ जानेवारी २०२३ रोजी मुघल गार्डन ‘अमृत उद्यान’ झाले. २५ जुलै २०२४ रोजी दरबार हॉलला ‘गणतंत्र मंडप’ आणि अशोक हॉलला ‘अशोक मंडप’ ही नावे मिळाली. दरबार हा शब्द राजाचा, गणतंत्र लोकांचे, अशी त्यामागची भूमिका आहे.

यावर मतभेद आहेत. वसाहतकाळाच्या खुणा पुसायलाच हव्यात, असे एक मत. नाव पुसले की त्या खुणांचा अर्थ विचारण्याची संधीही जाते, असे दुसरे. बागेच्या बाबतीत तर ‘मुघल’ हा शब्द सत्तेचा नव्हे, आखणीच्या पद्धतीचा होता, याकडे इतिहासाचे अभ्यासक लक्ष वेधतात. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावी : नवे नाव खरे ठरते ते दार किती उघडे आहे यावर.

पुढे काय?

नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये ‘युगे युगीन भारत’ या नावाने राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची योजना आहे. म्हणजे १९४९ मध्ये जे संग्रहालय रायसीना टेकडीवर जन्मले, ते पुन्हा त्याच टेकडीवर येईल. मुंबईच्या चित्रकारांची भित्तिचित्रे ज्या भिंतींवर आहेत, त्याच भिंती संग्रहालयाच्या होतील. नूतनीकरणात ती जशीच्या तशी जपली जातात का आणि त्यांच्याखाली चित्रकारांची नावे लागतात का, हे महाराष्ट्राने विचारायला हवे. शंभर वर्षे कार्यालयांच्या धुळीत राहिलेली ही चित्रे लोकांसमोर येण्याची ही पहिलीच मोठी संधी आहे.

सामान्य माणसाला राष्ट्रपती भवन पाहता येते का?

येते. मुख्य इमारत, संग्रहालय आणि बाग अशा तीन स्वतंत्र फेऱ्या आहेत. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे लागते. अमृत उद्यान साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांच्या हंगामात खुले होते. शिमल्याजवळील मशोब्रा आणि हैदराबादजवळील बोलारम येथील राष्ट्रपतींची निवासस्थानेही आता पाहता येतात. भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत. शाळांच्या सहली लाल किल्ला आणि कुतुबमिनार पाहून परततात. त्या यादीत हे घरही घालायला हरकत नाही. तेथे गेल्यावर घंटा, बुद्ध आणि छतावरचा शाह तर पाहावाच, पण ज्या टेकडीवर आपण उभे आहोत तेथे एकेकाळी रायसीना नावाचे गाव होते, हेही मुलांना सांगावे.